आईच्या पीपीएफमध्ये जास्तीचे झाले

नवनाथ,

दिवाळीपासून तुझ्याशी बोलले नाही, आणि ही चिठ्ठीही भांडायलाच लिहितेय. आईच्या म्हातारपणासाठी तू तिच्या पीपीएफमध्ये मला न सांगता पैसे भरत होतास! मीही तुला न सांगता भरत होते, ते सोड. काल बँकेतल्या बाई मलाच म्हणाल्या, "तुमचे भाऊ परवाच भरून गेले की!" त्या खात्यात वर्षाला दीड लाखाच्या वर चालत नाही. वरच्या पैशाला व्याज मिळत नाही, गाढवा.

आणि मी मूर्ख, तुला आईची फिकीर नाही म्हणून भांडले.

आईला विचारलं, तू गप्प का बसलीस? तर म्हणते, "दोगांनी बी माजीच शपथ घातली व्हती. मी मरू व्हय?" वर खदाखदा हसते.

जास्तीचे परत मिळतात. आईला घेऊन अर्ज द्यायला चाललेय. त्यातले तुझे किती, माझे किती, हा हिशेब मी करणार नाही. आईनं तो कधीच मिटवलाय. "परत आलेलं पैसं माजं. त्यातनं कवळी बसवते आन् तुमा दोगास्नी चावते."

संध्याकाळी शुक्रवार पेठेत दातांच्या डॉक्टरकडे तिला न्यायचंय. गाडी तूच चालव, आईला धरून मी मागे बसते. वाटेत भांडायचं तर भांड, पण तोंडानं. चिठ्ठ्या लिहून हात दुखायला लागलाय माझा.

— ताई