पुढची खोली आणि मागची खोली

मी, खाली सही करणारी, लहान मुलींचे फ्रॉक शिवणारी बाई, वय एक्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी मला वार, महिना विचारला आणि शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. मी म्हटले, जन्मभर कापडातून पोरी वजा केल्या, आता पुरे. तरी केले. त्यांनी तसे लिहून दिले आहे, तो कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. सल्ला मात्र सगळ्यांनी दिला.

माझे हृदय दमले आहे असे डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यावर गोळ्या आहेत. बाकीची मी दमले आहे, त्यावर त्यांच्याकडे काही नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करण्याचा विचार नाही.

कलम एक. वरच्या मजल्यावरचे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, हे माझ्या मुलाला मिळावे. तो एकटाच आहे, त्यामुळे यात वाद नाही. सूनबाईच्या मनात इथले पडदे बदलायचे फार दिवसांपासून आहे. तिने ते खुशाल बदलावेत. ते मी उरलेल्या अस्तराचे शिवले होते. अस्तर पडद्यासाठी नसते हे मलाही कळत होते.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते शेवटचा खर्च भागवून मुलाने घ्यावे. माझ्यामागे फार माणसे जमवू नयेत. जे येतील त्यांना चहा द्यावा आणि चहा झाला की जाऊ द्यावे.

कलम तीन. हत्यारे. पायमशीन शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईला द्यावे. तिने मला भर बाजारात विचारले होते, "बाई, तुमच्यामागे मशीन कोणाला?" तोंडावर विचारणारी ती एकटीच निघाली. मोठी कात्री माझ्याबरोबर आली असती तर बरे झाले असते, पण ते शक्य नसल्याने तीही गणवेशवालीला. मधली कात्री माझ्या नणंदेला द्यावी. याच कात्रीने तिने एकदा वर्तमानपत्र कापले होते आणि वर म्हणाली होती, "कात्री ती कात्री, त्यात काय एवढं." देताना धार लावू नये.

कलम चार. ~~तळमजल्यावरची पुढची खोली, जिथे मी काम करते, ती मुलाला. तिच्यामागची खोली, जिथे काजवाली राहते, तीही मुलाला. परंतु काजवाली हयात असेपर्यंत तिला तिथून कोणी उठवू नये.~~

हे कलम मी रेघ मारून रद्द केले आहे आणि शेजारी सही केली आहे. वकीलबाई म्हणाल्या, सगळे पुन्हा स्वच्छ कागदावर उतरवून काढा. मला कंटाळा आला आहे. उसवून शिवले की टाक्यांची भोके दिसतात. दिसू देत.

कलम पाच. काजवाली कोण, असे उद्या कोणी विचारले तर उत्तर असावे म्हणून लिहिते.

नवरा न सांगता निघून गेल्यावर ती लहान मुलीला कडेवर घेऊन माझ्या दारात आली. काम असेल तर द्या म्हणाली. काय येते विचारले, तर हातातला रुमाल पुढे केला. त्याला कडेने तुरपाई केलेली होती आणि टाके शोधावे लागत होते. मागच्या खोलीत मी कापडाचे तागे ठेवत असे. ते एका भिंतीला लावले आणि म्हटले, चार दिवस राहा. ते चार दिवस अजून संपायचे आहेत. काजे, बटणे, तुरपाई, सगळे हातकाम तेव्हापासून तिचे. काजवाली हे नाव तिला गिऱ्हाइकांनी दिले. मी तिला "अगं" म्हणते.

मला मुलगी झाली नाही. बाजारातल्या दुकानदाराला मात्र सगळ्या मापांचे फ्रॉक हवे असत. बाकीचे शिंपी छापील मापे घेतात. माझा छापील पोरीवर विश्वास नव्हता. मी काजवालीच्या पोरीला कापायच्या टेबलावर उभी करत असे. दर वर्षी शाळा सुरू होण्याआधी तिच्या अंगावरून पुठ्ठ्याचे नमुने कापायचे, ते त्या वयाचे माप. ती वाढली तशी माझी मापे वाढली. ती टेबलावर स्वस्थ उभी राहत नसे. मी टाचण्या तोंडात धरून ओरडत असे, म्हणजे फक्त हुंकार निघत, आणि ती त्या हुंकारांची नक्कल करत असे.

तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर वर आहे. हे मला दिसले नाही. तिच्या आईलाही दिसले नाही. रोज समोर असलेल्या पोरीचा खांदा कोण बघतो. मी पुठ्ठा तिच्या अंगावर धरला, तो तिला बसला, मी कापला.

मग ते फ्रॉक विकले गेले आणि गावातल्या आया आपापल्या मुलींना नीट उभी राहा म्हणून दटावू लागल्या. कॉलर ओढत, खांदा वर खेचत. एकीने मुलीला हाडांच्या डॉक्टरकडे नेले. त्यांनी पोरीची पाठ तपासली, मग खुर्चीवर काढून ठेवलेला फ्रॉक तपासला, आणि मला निरोप पाठवला की मुलगी सरळ आहे. दुकानदाराने सगळा माल परत केला. दुकानात चार बायका बसलेल्या असताना तो म्हणाला, "बाई, एका पोरीच्या मापाने तुम्ही सगळं गाव वाकडं केलंत." बायका हसल्या. तो माणूस आता हयात नाही. तरी मी त्याला माफ केलेले नाही, याची इथे नोंद असावी.

पुढची खोली फ्रॉकनी भरली होती. बसायला जागा नव्हती. मी उसवायला घेतले. पहिल्या फ्रॉकचा खांदा उसवून होतो न होतो तोच काजवाली म्हणाली, "बाई, थांबा. उसवलं की कापड मरतं. डाव्या खांद्यावर फूल लावू." तिने चिंध्यांतून एक पट्टी घेतली, दोऱ्यावर चुण्या घातल्या, गोळा केली आणि खांद्यावर जास्तीचे कापड त्या फुलाखाली ओढून टाचले. फ्रॉक सरळ झाला. आम्ही सगळ्यांना फुले लावली. पोर चिंध्या रंगाप्रमाणे लावून देत होती. तिच्या खांद्यामुळे हे झाले हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिने ते स्वतःच ओळखले आणि काही दिवस एका बाजूला कलून चालून दाखवत असे. तिची आई तिला रागावली, आणि मी हसले.

पुढच्या हंगामात लोक येऊन फुलाचा फ्रॉक मागू लागले. दुकानदाराने स्वतः टेंपो पाठवला. इतर शिंपीही डाव्या खांद्यावर फूल लावू लागले. अजून लावतात. का लावतात हे त्यांना ठाऊक नाही. मी पुढे नमुने दुरुस्त केले, पण फूल काढता आले नाही, फुलाशिवाय माल कोणी उचलेना. त्या दिवसापासून आजपर्यंत या घरातून गेलेले प्रत्येक फूल काजवालीने केलेले आहे. दारावरच्या पाटीवर नाव माझे आहे.

कलम सहा. गेल्या गुरुवारी काय झाले ते.

मुलगा आला होता. त्याची अडचण खरी आहे. त्याचे घर लहान आहे, मुले मोठी झाली आहेत, थोरलीला अभ्यासाला कोपरा नाही. शेजारच्या चष्मेवाल्यांना दुकान वाढवायचे आहे आणि त्यांना तळमजला हवा आहे. पण दोन्ही खोल्या मिळून. मागच्या खोलीला वेगळा रस्ता नाही, पुढच्या खोलीतूनच जावे लागते. पुढे चष्म्यांची कपाटे आणि मधून काजवाली भाजीची पिशवी घेऊन जाते आहे, असे दुकान कोण घेईल. त्यामुळे माझे चौथे कलम त्याला मान्य नव्हते.

तो म्हणाला, हयातभर म्हणजे किती ते कोणी सांगावे. मी म्हटले, तेच त्या शब्दाचे चांगले आहे. तो म्हणाला, त्याने एक वृद्धाश्रम बघून ठेवला आहे, स्वच्छ आहे, पुढे बाग आहे. मी विचारले, तिला विचारलेस का. तो म्हणाला, "आई, ती कामाला होती आपल्याकडे. तू तिला सगळं दिलंस. आणखी काय राहिलं?"

मग आम्ही दोघे खाली गेलो. चष्मेवाल्यांना मापे हवी होती. मुलाने खिशातून पत्र्याचा टेप काढला आणि पुढची खोली एकट्याने मोजली. मागची खोली एकट्याने मोजता येईना, टेप मध्ये वाकून पडत होता. काजवाली चटईवर बसून काजे करत होती. तो म्हणाला, "मावशी, हे टोक धर जरा."

तिने सुई कापडात टोचून ठेवली आणि उठली. टेपचे टोक तिने तिच्या खाटेमागच्या भिंतीला अंगठ्याने दाबून धरले. तो म्हणाला, थोडं वर. तिने वर धरले. त्याने आकडा फोनमध्ये लिहून घेतला. ही मापे कशाला चालली आहेत हे तिला माहीत होते. चष्मेवाल्यांच्या बायकोने तिला आदल्या आठवड्यातच सांगितले होते. दुसऱ्या भिंतीपाशी तिचे कपाट आहे. तिथे आल्यावर तिने विचारले, "कपाट हलवू का?"

मुलगा नको म्हणाला, पण ती तोवर हलवू लागली होती. मग त्यानेही हात लावला.

तो गेल्यावर मी वर आले आणि कलम चारवर रेघ मारली.

कलम सात. तळमजल्यावरची पुढची खोली आणि मागची खोली, दोन्ही, काजवालीला मिळाव्यात. राहण्यापुरत्या नव्हे, पूर्ण मालकी हक्काने. तिने त्या वापराव्यात, भाड्याने द्याव्यात, चष्मेवाल्यांना विकाव्यात किंवा कुलूप लावून ठेवाव्यात. तिच्यामागे कोणाला द्यायच्या ते तिने ठरवावे. कापायचे टेबल तिथेच राहावे, ते दारातून बाहेर निघत नाही. काम चालू ठेवण्याची कोणतीही अट नाही. मी जन्मभर असे कपडे शिवले की ते पुढच्या वर्षी आखूड होतात. हे कोणी पुढे चालवावे अशी माझी इच्छा नाही, आणि कोणी चालवले तर हरकत नाही.

हे मुलासाठी. बाळा, तू वाईट नाहीस. तुझ्या थोरलीला कोपरा हवा आहे, तो तुला वरच्या घरात मिळेल. तळमजल्यासाठी तू कोर्टात जाऊ शकतोस. वकीलबाई म्हणतात, हरशील. मी म्हणते, जिंकलास तर तुला ती खोली पुन्हा मोजावी लागेल, आणि दुसरे टोक धरायला मावशीलाच हाक मारावी लागेल.

कलम आठ. पुठ्ठ्याचे जुने नमुने, वाकडे आणि सरळ दोन्ही, काजवालीच्या मुलीला द्यावेत. ती लांब असते, सासरी माणसे पुष्कळ आणि जागा कमी, म्हणून आईला नेऊ शकत नाही, आणि फोनवर त्याबद्दल रडते. तिने ते नमुने ठेवावेत किंवा चुलीत घालावेत. तिच्याइतका त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही.

कलम नऊ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांना हे माहीत आहे आणि त्यांनी एक उसासा टाकून होकार दिला आहे.

कलम दहा. हे कलम वकीलबाई नको म्हणाल्या होत्या. मी घालत आहे.

शनिवारी मी कलम सात काजवालीला वाचून दाखवले. तिने हातातले काज पूर्ण केले, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "बाई, मला नको. तो माझ्याशी बोलायचा बंद होईल."

मी म्हटले, आता तरी काय बोलतो.

"मावशी म्हणतो."

ती खाली गेली. कलम सात बदलायचे का, याचा मी दुसऱ्या दिवशी दिवसभर विचार केला. बदलले नाही. तिला विचारून तिला काही द्यायचे ठरवले असते तर ती आजही दारातच उभी असती.

आज सकाळी ती माझा चहा घेऊन वर आली. कप ठेवला आणि गेली नाही. मी पेपर खाली ठेवला. तिने विचारले, "खोली माझी झाली, तर दाराला आतून कडी लावता येईल का?"

मला आधी कळलेच नाही. मग कळले. मागची खोली तागे ठेवायची होती, तिचे दार बाहेरूनच बंद करायचे, म्हणून कडी बाहेरच्या बाजूला आहे. आतून काहीच नाही. मी विचारले, मग इतकी वर्षे रात्री काय करतेस. ती म्हणाली, दाराला तागा लावून झोपते. पोर लहान होती तेव्हा दोन लावायची.

मी सुताराला बोलावून घेतले. सह्यांसाठी डॉक्टरीणबाई आणि वकीलबाई आलेल्याच होत्या, त्यांना थांबायला सांगितले. दुसरा साक्षीदार म्हणून चष्मेवाल्यांना विचारणार होते ते राहिले, सुतारच साक्षीदार झाला. त्याने पितळी कडी आणली होती. दार जुने आहे, लाकूड फुटेल म्हणून त्याने भोके हाताने पाडली. आम्ही पुढच्या खोलीत टेबलाभोवती बसलो होतो.

कडी बसवून झाल्यावर सुतार म्हणाला, लावून बघा. काजवाली आत गेली आणि तिने दार लावले. कडी सरकल्याचा आवाज आला. ती लगेच बाहेर आली नाही. डॉक्टरीणबाईंना दवाखान्यात जायचे होते, त्यांनी घड्याळ पाहिले, पण त्या उठल्या नाहीत. कोणी दार वाजवले नाही. आम्ही थांबलो.

ती बाहेर आली. आता सह्या करतो.

सही: फ्रॉक शिवणारी बाई, जिचे हे मृत्युपत्र आहे

आम्हा दोघांसमोर तिने सही केली, तिच्यासमोर आम्ही केली. ती थकलेली दिसते, पण काय लिहिले आहे ते तिला पुरते माहीत आहे.

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई
साक्षीदार दुसरा: सुतार

स्थळ: पुढची खोली
वार: सोमवार, दुपारी जेवणाआधी