पाळ फुटायच्या आधी

१२ ऑक्टोबर, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. कारण महत्त्वाचं आहे. मंडई समितीचा अध्यक्ष टेकचंद काल घरी आला. आठ नोव्हेंबरला गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. दुपारी चारला माझं भाषण, रात्री नाटक. विषय त्यानंच ठरवला: 'गुरुजींचे बत्तीस दात'. गेल्या वर्षी याच मंचावरून मी शपथ घेतली होती की या तोंडात डॉक्टरचं मशीन कधी जाणार नाही. अडुसष्टाव्या वर्षी फक्त कडुलिंबाचं दातून. लोक उभे राहिले होते.
आरशात मोजले. सत्तावीस. पाच गेले, पण ते स्वतःहून गेले. राजीनामा आणि हकालपट्टी यात फरक असतो.

१४ ऑक्टोबर
थंड पाणी प्यायलो तेव्हा खालच्या उजव्या दाढेत एक कळ गेली. दुखणं नव्हे. जिवंतपणाचं लक्षण. मेलेल्या दाढेला काय कळतं.
संकल्प: कोमट पाणी.

१७ ऑक्टोबर
रुख्मा जेवताना म्हणाली, काऊन जी, एकाच गालानं चावून राहिले? मी म्हणालो, डाव्या बाजूला व्यायाम देतो आहे. तिनं भाजी वाढली आणि उठली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला माझ्यासमोर मुद्दा मांडता आलेला नाही.
भाषणाचा शेवट सुचला. शेवटी रुख्माला मंचावर बोलवायचं. पासष्टाव्या वर्षी ती फुटाणे फोडून खाते. लोकांना तिचे दात दाखवायचे आणि म्हणायचं, हा माझा पुरावा.

१९ ऑक्टोबर
दाढेत खड्डा आहे. जीभ सारखी तिथंच जाते. घाबरण्यासारखं नाही. आम्ही कोहळी. माझ्या पूर्वजांनी या तालुक्यात तलाव बांधले, मैलभर लांबीची पाळ, म्हणजे मातीची भिंत, उभी केली. त्यांच्या वंशजाला एक भोक बुजवता येऊ नये?
बांगडीवाल्याकडून लाख आणली. दिव्यावर मऊ केली, काडीनं बसवली. जीभ थोडी भाजली. बाकी काम पक्कं.

२१ ऑक्टोबर, दिवाळी
लाख टिकली आहे. यावर एक पुस्तिका लिहिता येईल.
संध्याकाळी. चकलीबरोबर लाख पोटात गेली. चकली कडक होती. रुख्माला तसं सांगितलं. ती म्हणाली, कायले माह्या चकलीले नाव ठेवता?

२४ ऑक्टोबर
उजवा गाल सुजला. हवामान. फ्लेक्ससाठी फोटो काढायला माणूस आला, त्याला डावी बाजू दिली. विचारवंताचा चेहरा एका बाजूनंच खुलतो.

२७ ऑक्टोबर
आजचा प्रसंग नोंदवून ठेवावा लागेल. टेकचंद तलावातले ताजे शिंगाडे घेऊन आला. सोबत समितीची दोन माणसं. म्हणाला, गुरुजी, आमाले तर सुरी लागते. मी हसून एक उचलला आणि समोरच्या दातानं फोडला.
शिंगाडा फुटला. सोबत वरचा पुढचा दातही, अर्धा. तुकडा जिभेवर आला. मी तो टरफलासह हातात घेतला आणि मिशीवर हात ठेवून पाऊण तास बोललो. कुणाला कळलं नाही. टेकचंद जाताना म्हणाला, गुरुजी, आज शीळ घालून घालून बोलून राहिले. मी म्हणालो, नवी शैली.
तुकडा आगपेटीत ठेवला आहे. कशासाठी, ते माहीत नाही.

२९ ऑक्टोबर
सराव केला. 'समाज', 'स्वावलंबन', 'संस्कार', तिन्हींत शीळ. शेजाऱ्याचं कुत्रं दोनदा आलं आणि समोर बसलं. भाषणातले 'स'चे शब्द काढून टाकायचं ठरवलं. चार पानांच्या भाषणाचं एक पान उरलं, आणि विषयाच्या नावातच 'बत्तीस' आहे.
रात्रभर दाढ ठणकत होती. वाचनामुळे जागरण झालं असं रुख्माला सांगितलं.

३१ ऑक्टोबर
गोंदियाला गेलो. रुख्माला सांगितलं, ग्रंथालयात जातो. ती म्हणाली, ग्रंथालयात जाऊन राहिले तर दुपट्टा तोंडाले कायले बांधून राहिले? धूळ, मी म्हणालो.
एका दातांच्या दवाखान्यात केवळ निरीक्षणासाठी गेलो. शत्रूची छावणी पाहिल्याशिवाय बोलू नये. काउंटरवरची बाई सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडली, बाबूजी, दांत में क्या हुआ है, उम्र कितनी है. मी हळूच सांगितलं. तिनं तेही मोठ्यानं लिहून घेतलं.
डॉक्टर आचल ही तिशीची मुलगी, आमच्याच भागातली, कोहळ्याची. खुर्ची मागं झोपवली. त्या खुर्चीतून उठता येत नाही. पाय वर, डोकं खाली, डोळ्यांवर दिवा. दातांच्या व्यापारीकरणावर माझे वीस मिनिटांचे विचार तयार होते. पहिल्याच वाक्याला तिनं तोंडात आरसा आणि नळी घातली. आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड उघडं होतं आणि बोलत दुसरं कुणीतरी होतं.
ती म्हणाली, गुरुजी, दात वयानं पडत नाहीत, झिजतात. हिरडी मागं सरकते, मूळ उघडं पडतं. बीपीच्या गोळीनं तोंड कोरडं पडतं, लाळ कमी झाली की कीड लवकर लागते. दातून जोरानं घासून तुम्ही मुळाशी खाचा पाडल्या आहेत. पाच दात गेले, त्यांच्या वाटणीचं चावणं उरलेल्यांवर आलं. दाढ मात्र वाचते. आतली नस साफ करू, भरू, वरून कॅप बसवू. पुढचा दातही बांधून देता येतो. मग तिनं विचारलं, यात आधी काही भरलं होतं का? लाख म्हणालो. तिनं मास्क असूनही दुसरीकडं पाहिलं. म्हणाली, पाळ झिरपत असली तर बाहेरून माती थापून भागतं का? आतला गाळ काढावा लागतो. फुटायच्या आधी.
उपमा माझीच होती. ती फक्त आधी बोलली.
नकार देऊन परत आलो. शपथ म्हणजे शपथ.

३ नोव्हेंबर
परत गेलो. शपथेत 'मशीन' हा शब्द होता. सुई, औषध आणि हात यांचा उल्लेख नव्हता.
मशीनही लागलं. आवाज फार नव्हता.
दाढ उघडून औषध भरलं, तात्पुरतं बुजवलं. पुढचा दात तासाभरात बांधून दिला. आरशात ओळखू येत नाही. 'स्वावलंबन' म्हणून पाहिलं. शीळ नाही.

४ नोव्हेंबर
संकट. टेकचंदनं दात पाहिला. म्हणाला, गुरुजी, शिंगाड्याच्या दिवशी इथं अर्धा होता ना? म्हणजे त्यानं पाहिलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं की दातूनानं परत आला. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. हात जोडले.

५ नोव्हेंबर
टेकचंदनं ते लाऊडस्पीकरवर सांगून टाकलं. मंडईच्या रिक्षावरून तीन गावांत: ज्यांचा अर्धा दात पुन्हा उगवला ते गुरुजी. सकाळपासून अंगणात अकरा माणसं येऊन गेली. सगळ्यांना तोंड उघडून दाखवलं. एका म्हाताऱ्यानं बोट लावून पाहिलं. घरात बसतो तर दार वाजतं, बाहेर पडतो तर बोटं.
शेवटचा आधार रुख्मा. तिचे दात खरे आहेत. भाषण तिच्यावर उभं करीन.

६ नोव्हेंबर
गाल पुन्हा सुजला. आचल डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, परवा सकाळी अकरा वाजता या, आत अजून पू आहे, लांबवलं तर दाढ काढावी लागेल. परवा म्हणजे मंडई. म्हणालो, जमणार नाही. ती म्हणाली, आजीलाही सोबत आणा, त्यांच्या चार कॅपांची तपासणी राहिली आहे. कुठल्या आजी, विचारलं. रुख्मा आजी, ती म्हणाली, तीन वर्षांपासून येतात, तुम्हाला माहीत असेलच.
माहीत आहेच, म्हणालो.
रुख्माला काही विचारलं नाही. ती फुटाणे खात होती.

८ नोव्हेंबर, सकाळी ७
ठरलं. पहिल्या गाडीनं गोंदिया, साडेबाराला मोकळा, चारला मंचावर. दाढही राहील, शब्दही राहील. नियोजन असलं की माणूस अडकत नाही.

८ नोव्हेंबर, संध्याकाळी
जबडा बधिर. आचल म्हणाली होती, तीनचार तास लागतील. मला वाटलं, वक्त्याचा लवकर उतरत असेल.
मंडप गच्च भरला होता. बाया, पोरं, पाहुणे. टेकचंदनं उगवलेल्या दाताची गोष्ट पुन्हा सांगितली आणि माइक माझ्या हातात दिला. मी 'बंधूंनो' म्हणालो. खालचा ओठ आला नाही. लाळ मात्र आली, पांढऱ्या सदऱ्यावर. पुन्हा प्रयत्न केला. पुढच्या रांगेतलं एक पोरगं त्याच्या आईला म्हणालं, गुरुजी रडून राहिले.
रुख्मा उठली. मी तिला बोलावलं नव्हतं. पदरानं माझी हनुवटी पुसली, माइक घेतला. ती मंचावर कधी बोललेली नाही. म्हणाली, गुरुजीचा दात उगवला नाही, बसवला. डॉक्टरनं मले फोनवर सांगितलं, आज दाढेची नस साफ करून आले, म्हनून तोंड जड आहे. माह्या तोंडात चार कॅपा आहेत, तरी मी फुटाणे खाऊन राहिली. म्हातारपणी दात जातच असते असं समजू नका. हालून राहिला, सडून राहिला तर पडाची वाट पाहू नका, दाखवा. पुढच्या बुधवारी गोंदियाले गाडी करू. ज्याले यायचं असंल त्यानं नाव द्यावं.
एवढंच. दोन मिनिटंही नाहीत. टाळ्या मोजल्या नाहीत, पण मला कधी इतक्या मिळाल्या नव्हत्या. पहिलं नाव टेकचंदनं दिलं.

९ नोव्हेंबर
ठणका नाही. दोन्ही बाजूंनी भात खाल्ला. बुधवारच्या गाडीत चौतीस नावं झाली आहेत. या चळवळीची सुरुवात माझ्या दाढेपासून झाली, हे इतिहासात नोंदवलं जावं.
रुख्माला शेवटी विचारलं, तीन वर्षं मला सांगितलं का नाही. ती शिंगाडे सुरीनं सोलत होती. एक माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, सांगनारच होती जी. तुमचं भाषण संपायची वाट पाहून राहिली होती.