जानेवारीत घेतलेली चाचणी

मंगळवार संध्याकाळ, मिसरोद

बाबांची फाईल उघडतच नाही. दोन वर्षं एका बोटाने टाइप केलेल्या आठवणी!

कॉम्प्युटर हळू चालतो म्हणाले, म्हणून मीच प्रोसेसरचा वेग वाढवला. दिवसभर चाचणी घेतली, एकदाही अडखळला नाही. पण ती जानेवारीत. भोपाळचा मे महिना मी कसा विसरलो? पत्र्याखालच्या खोलीत कॉम्प्युटर दुपारी तापून बंद पडायचा आणि बाबा मुकाट्याने पुन्हा सुरू करायचे. असाच मध्येच बंद पडताना फाईल बिघडली.

आज वेग पूर्ववत केला. आता काय उपयोग? पेनड्राइव्हवरच्या जुन्या, चांगल्या प्रतीवरही रविवारी मीच न तपासता ही बिघडलेली फाईल चढवली. जानेवारीतली चाचणी, म्हणे!

“सांगितलं का नाहीत?” मी विचारलं.

“इतक्या हौसेने केलं होतंस,” बाबा म्हणाले. “तुला वाईट वाटलं असतं.”