चुलबंद आवतन

टिवरी
ता. ४ जानेवारी २०२६

चि. सौ. सुगंधास मोठ्या जावेचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझी चिठ्ठी मिळाली. प्रिस्काला सांग, चिठ्ठी टोपलीत सुक्या बोंबलांच्या खाली ठेवू नको. कागद हातात घेतला की घरभर वास. हे विचारतात मासळी काय घेतली, मग मला दरवेळी पाव किलो बोंबील घ्यावेच लागतात. पाचूबंदरची बाई ती, चिठ्ठी फुकट पोचवते आणि धंदा करून जाते.

फोन का करत नाही असं विचारतेस. घरात मोबाईल एक, तो यांच्या खिशात. आणि माझा फोन आला तर स्पीकरवर लावतात, अख्ख्या पाड्याला ऐकू जातं. त्यापेक्षा हे बरं.

तुमचं कार्ड मोबाईलवर आलं. फुगे, केक आणि टोपी घातलेलं अस्वल. खाली, निधीचा तिसरा वाढदिवस, आठ फेब्रुवारी, सहकुटुंब सहपरिवार यावे. यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, की आवतन द्यायला हे अस्वल येणार आहे का. मोबाईल खिशात घातला. विषय संपला.

तुला सगळं माहीत आहे, पण तुझी सून आगाशीची, वाडीवाल्यांची मुलगी, तिला कुणी धड सांगितलं नसेल. तिला हे वाचून दाखव. आपल्यात गावाला आवतन घरटी एक माणूस. पण सख्ख्या भावाच्या घराला चुलबंद. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. सकाळच्या चहापासून सगळ्यांनी कार्याच्या घरीच खायचं, तिथेच राबायचं. तुझ्या भूपेशच्या हळदीला तुझा भाऊ आवतन देत फिरला. त्याला पुढच्या पाड्यावर जायची घाई. आमच्या दारातही तेच बोलून गेला, घरटी एक. शेजारच्या घरात सख्ख्या पुतण्याची हळद आणि काकाच्या घराला घरटी एक! यांनी मला चूल पेटवायला लावली आणि बोंबील भाजायला लावले. मी भाजले. तिकडे बँजो वाजतोय आणि आमच्या दारातून बोंबलाचा वास. सगळ्या टिवरीने नाक वर केलं. मग तुम्ही गोखिवऱ्याला फ्लॅट घेतला. चार वर्षं झाली, भाऊ भावाशी बोलत नाही.

आता माझं ऐक. तू कारखान्यात जायचीस तेव्हा भूपेशला मी भरवलं. मला मूल नाही, तो माझ्या चुलीपुढे वाढला. त्याच्या पोरीला मी दोनदा पाहिलं, एकदा कुणाच्या लग्नात लांबून, एकदा रिक्षातून. मांडीवर एकदाही घेतली नाही. मी एकटी येऊ शकते, पाय माझे आहेत. पण मी एकटी आले की यांची सोय झाली, मग हे कधीच यायचे नाहीत. तेव्हा तुझ्या नवऱ्याला, हिराजीला, आमच्या दारात पाठव. तोंडाने आवतन देऊ दे. उत्तर चार ओळींचं असलं तरी चालेल.

घरच्यांना विचारलं म्हणून सांग. लोभ आहे, तो आंबू देऊ नको.
तुझी जाऊ,
कृष्णाबाई

गोखिवरे
ता. ९ जानेवारी २०२६

ती. सौ. मोठ्या बाईस सुगंधाचा सा. न. वि. वि.

तुम्ही चार ओळी म्हणालात, पण माझं चार ओळींत भागत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही सगळी खुशाल. निधीचा खोकला गेला. ती दिवसभर खुर्च्या ओळीत लावते आणि बोट बोट खेळते, आम्हाला तिकीट काढायला लावते.

तुमचं पत्र रेवाला वाचून दाखवलं. ती आधी हसली, मी बोंबलाशी आले तेव्हा तिने कार्ड परत काढून बघितलं. ती म्हणाली, कार्ड मी एका बोटाने दोनशे जणांना पाठवलं, काकांना वेगळं पाठवायचं हे मला कुणी सांगितलंच नाही. मीच टिवरीला जाऊन दारात बोलावून येते म्हणाली. मी तिला सांगितलं, की सुनेच्या तोंडचं चालत नाही, भावाच्याच तोंडचं लागतं. हा नियम कुणी केला असं तिने विचारलं. मला सांगता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर कळवा.

यांच्याकडे विषय काढला तेव्हा हे नखं काढत बसले होते. वर न बघता म्हणाले, बोंबील. बस, एवढंच. मोठ्या भावोजींचं नाव निघालं की यांच्या तोंडून तो एकच शब्द येतो. चार वर्षांत या घरात बोंबील शिजला नाही. तुमच्या चिठ्ठीपायी मलाही पाव किलो घ्यावे लागतात, ते मी खाली वॉचमनला देते. तो माझ्यावर फार खूश आहे.

आणि बाई, माझ्या भावाला दर वेळी मधे आणू नका. त्याची चूक झाली, तो ती मानतो. तुमच्या घरासमोरून जाताना अजून मान खाली घालतो.

एक सुचलंय. सव्वीस जानेवारीला सुट्टी आहे. भूपेश आम्हा सगळ्यांना किल्ल्याजवळच्या जेटीवरून गाड्या नेणाऱ्या बोटीने भाईंदरला नेऊन आणणार आहे, निधीचा हट्ट. अकराची बोट. तुम्ही भावोजींना घेऊन तीच पकडा. घरातून माणूस उठून जाऊ शकतो, रस्त्यावर वाट बदलू शकतो. बोटीतून मधेच उतरून कुठे जाणार?

भावोजींना नमस्कार, म्हणजे तुम्हीच मनात घाला. धाकटीवर माया आहे तशी राहू द्या.
तुमची,
सुगंधा

टिवरी
ता. १७ जानेवारी २०२६

चि. सौ. सुगंधास आशीर्वाद.

बोटीचं बरं सुचलं. एवढी अक्कल हळदीच्या वेळी वापरली असतीस तर मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी चोरून चिठ्ठ्या लिहाव्या लागल्या नसत्या. नियम कुणी केला ते मलाही माहीत नाही. रेवाला सांग, गप्प बस.

यांना तयार केलं. मी म्हटलं, लग्नाला बत्तीस वर्षं झाली, फिरायला म्हणून नेलंत ते एकदा जीवदानीला, तेही तुमचा नवस फेडायला. मला बोटीत बसायचंय. हे म्हणाले, खाडीचं पाणी जन्मापासून बघतोय, ते बघायला तिकीट कशाला काढू. मी दोन दिवस बोलणं बंद केलं आणि दोन्ही वेळा दुधी केला. तिसऱ्या दिवशी तयार झाले.

स्कूटर घेऊन येणार आहेत. भाईंदरच्या रिक्षावाल्यांशी कोण भांडणार, म्हणतात. तीच जुनी स्कूटर, भूपेशच्या बारशाला घेतलेली. अजून थांबली की पेट्रोलचा कॉक बंद करतात. पानाच्या टपरीवर उभी केली तरी बंद. घरातला गॅसही तसाच, माझं भांडं खाली उतरायच्या आत कॉक बंद. आणि चालू करताना उघडायला विसरतात, ते वेगळं.

आता नीट वाच. हिराजीला आधी सांगू नको. भूपेशला सांग, बोटीत पाया पडायला धावू नको, माणसं बघतात. रेवाने मोबाईल वर करून शूटिंग करायचं नाही. तू ती जांभळी साडी नेस, मला गर्दीत शोधायला लावू नको. आणि निधीला पोटभर खायला घालून आण, रडकं पोर मला नको.

बाकी भेटीत. लोभ आहेच, पुन्हा पुन्हा काय लिहायचं.
कृष्णाबाई

टिवरी
ता. २७ जानेवारी २०२६

चि. सौ. सुगंधास आशीर्वाद.

काल सगळं वाया गेलं असं मला वाटतंय. तुला वेगळं वाटत असेल तर कळव.

हिराजीला बघताच यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी लगेच ओळखलं, यांनी ओळखलं. पण तोवर बोट सुटली होती. पाव तासाचा रस्ता. दोन भाऊ दोन कठड्यांना, मधे गाड्या. हे किल्ल्याकडे बघतायत, हिराजी पाणजू बेटाकडे. किल्ला काय यांनी पहिल्यांदा बघितला? तू मला मानेने कसली तरी खूण करत होतीस, ती मला कळली नाही. भूपेश शहाण्यासारखा लांब उभा राहिला, पण डोळे पुसत होता. वाऱ्याने असेल.

भाईंदर आलं तेव्हा मला संताप आला. म्हणून तुझ्या कडेवरची निधी उचलली आणि सरळ चालत वर रस्त्यावर गेले. तुला विचारलं नाही. राग आला असेल तर येऊ दे.

पोर वजनदार आहे, ते चांगलं. तिने विचारलं तू कोण. मी म्हटलं, तुझ्या बापाची मोठी आई. तिने मला तिकीट विचारलं. माझ्याकडे नव्हतं, तर खाली उतर म्हणाली. मग माझी नथनी ओढली. लागलं. मी काही बोलले नाही, ओढू दिली.

बऱ्याच वेळाने हे वर आले. स्कूटर चालू, कपाळाला घाम. निधीकडे बघून हॉर्न वाजवला. ती हसली. परत वाजवला. मग पोरीला तुझ्याकडे दिलं आणि मी मागे बसले. भाईंदरचा बाजार फिरलो, परत आलो, यांच्या तोंडून शब्द नाही. एवढा वेळ मागे बोटीत काय चाललं होतं? काही भांडण झालं का? मला कळल्याशिवाय चैन पडायचं नाही, प्रिस्काला उद्याच पाठव.

कृष्णाबाई

गोखिवरे
ता. ३१ जानेवारी २०२६

ती. सौ. मोठ्या बाईस सा. न. वि. वि.

राग कसला, माझा खांदा मोकळा झाला. निधी तेव्हापासून सगळ्यांच्या नाकाकडे बघते आणि बिनतिकिटाची आजी कधी येणार असं विचारते.

तुम्ही घाई केलीत, बाई. खरी गंमत तुमच्या पाठीमागे झाली. तुम्ही वर गेलात आणि भावोजींची स्कूटर सुरू होईना. किक मारतात, मारतात, काही नाही. मागे गाड्यांची रांग, सगळे हॉर्न वाजवतायत. ओहोटी होती, त्यामुळे बोटीतून वर जायचा उतार असा उभा. भावोजींनी हाताने ढकलायला घेतली, चाक तिथल्या तिथे. भूपेश पुढे धावला, तर यांनी त्याला हाताने मागे सारलं. चपला काढून माझ्याजवळ दिल्या आणि स्कूटरच्या मागे जाऊन ढकलायला लागले. भावोजींनी मागे वळून बघितलं नाही. पण वजन कमी झालं की माणसाला कळतंच ना, कोण आहे ते. दोघांनी ती स्कूटर पार वरपर्यंत चढवली. धापा टाकत होते दोघं.

वर गेल्यावर हे वाकले, पेट्रोलचा कॉक उघडला आणि बाजूला झाले. भावोजींनी किक मारली, पहिल्या किकला चालू.

बाई, कॉक बंद आहे हे यांना बोटीतच दिसलं होतं! घरी आल्यावर मी विचारलं, की मग खालीच का नाही सांगितलंत, एवढा चढ कशाला चढलात. तर म्हणतात, सांगायचं म्हणजे आधी मला बोलावं लागलं असतं. तेव्हापासून यांच्या कंबरेला बाम लावतेय.

आज सकाळी मला विचारलं वाढदिवस कधी आहे. नातीचा वाढदिवस यांना माहीत नाही होय? मी तारीख सांगितली आणि गप्प बसले. तुम्हीही गप्प बसा. मुख्य म्हणजे दुधी करू नका.

तुमची नथनी मोडली नसेल अशी आशा. मायेला अंतर नको.
सुगंधा

टिवरी
ता. ९ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. सुगंधास आशीर्वाद.

कालचं तू बघितलंस, ते लिहीत नाही. केक गोड जास्त होता. निधी माझ्या मांडीवर बसून खात होती, साडीला चॉकलेट लागलंय, ते निघत नाही. अस्वलाची टोपी यांना घालायची गरज नव्हती. पण तिने घातली आणि यांनी घालून घेतली, त्याला मी काय करणार.

तू नव्हतीस ते लिहिते. शनिवारी दिवेलागणीला हिराजी आला. तुला भाजी आणायला जातो म्हणून सांगितलं ना त्याने, तेव्हाच. हे ओटीवर जाळं सांधत बसले होते. हिराजी पायरीखाली उभा राहिला. म्हणाला, की उद्या निधीचा वाढदिवस आहे, चुलबंद आवतन द्यायला आलोय. हे जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले, की चूल कुठे आहे आता, चूल मागच्या वर्षी मोडली, घरात गॅस आहे. मला वाटलं, गेलं. मी आत कणीक मळत होते, ती घेऊन यांच्या डोक्यात घालणार होते.

हिराजीने एक पाय पायरीवर ठेवला. मग म्हणाला, तर मग गॅसचा कॉक बंद कर, तुला सवय आहेच.

हसलं कुणी नाही. मी आतच तोंडाला पदर लावला. यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि सरकून जागा केली. हिराजी बसला. चहा घेतला, साखर कमी. मग नाक वर करून विचारलं, की बोंबील आहेत का. होते. तुझ्या चिठ्ठीपायी घेतलेले. मी भाजून दिले, त्याने चार खाल्ले. तुझ्या घरी चार वर्षं शिजत नाहीत म्हणतेस, ते आता वॉचमनला देणं बंद कर.

काल आम्ही सकाळी सातला दारात उभे राहिलो, तेव्हा तू गाऊनमध्ये होतीस आणि एकही फुगा फुगवला नव्हता. केक संध्याकाळी आहे, एवढ्या लवकर कशाला, असं तू तोंडाने नाही तरी डोळ्यांनी म्हणालीस. कारण सांगते. यांनी शनिवारी रात्री जेवण झाल्याबरोबर गॅसचा कॉक बंद केला आणि सकाळी मला हात लावू दिला नाही. चुलबंद म्हणजे चुलबंद. चहासुद्धा नाही. म्हणून मी आल्या आल्या पोरीच्या आधी चहा मागितला, आणि तू सगळ्यांना सांगत सुटलीस की मोठ्या बाईला नातीपेक्षा चहा प्यारा. मोठी आहे म्हणून ऐकून घेतलं.

आता मोबाईल माझ्याही हातात मिळतो. पण मी बोलायला लागले की हे येऊन स्पीकर चालू करतात, त्यांना निधीचं ऐकायचं असतं. तेव्हा आपलं जे आहे ते प्रिस्काकडेच दे.

आज सकाळी उठले तर स्वयंपाकघरात उजेड. कॉक यांनी उघडला होता आणि चहा ठेवला होता. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. उकळून पार काळा झाला होता, पातेलं करपलं, दूध घालायचं विसरले. समोर बसून मला विचारलं, कसा झालाय.

प्यायले.

तुझी जाऊ,
कृष्णाबाई