अठरा मीटर कमी

रत्नागिरी,
रविवार

प्रिय सखूस,

हमिदाचा सलाम आणि आठवण. तुझी शुगर, यजमानांची कंबर आणि सावर्ड्याचा महामार्ग, तिघांची प्रकृती कळव. (तिसऱ्याची आशा मी सोडली आहे.)

मी धडधाकट आहे. फक्त विद्यापीठाने डोकं उठवलंय. आपल्या कॉलेजच्या जुन्या मैदानावर सिंथेटिक ट्रॅक होतोय, त्यानिमित्त आवारातल्या वास्तूंचा आणि क्रीडासुविधांचा इतिहास छापायचाय. क्रीडा संचालक गुरुप्रसाद (माझाच विद्यार्थी, इंग्रजीत दोनदा नापास) मजकूर तपासायला घेऊन आला. तपासायला म्हणजे 'छान' म्हणायला. मी लाल पेन काढलं. पॅव्हेलियन म्हणे ब्रिटिशकालीन! अगो, आपण दुसऱ्या वर्षाला असताना रामा गवंडी चिरे चढवत होता आणि आपण त्याच भिंतीच्या सावलीत डबा खात होतो. टेबल टेनिसचा हॉल म्हणजे 'ऐतिहासिक तालीम'; तिथे काजूची पोती असायची, अजून पावसाळ्यात वास येतो. आणि ज्या चिरेखाणीत पाणी साचून रावजीची म्हैस बुडता बुडता वाचली, तो झाला 'नैसर्गिक जलतरण तलाव'. कॉन्व्हेंटात खोटं लिहिलं की सिस्टर हातावर पट्टी मारायच्या. या पोरांना कुणी पट्टी दाखवलीच नाही.

एवढ्यावर थांबला असता तर मी चहासुद्धा दिला असता. पण नव्या ट्रॅकसाठी जुना मोजला, तेव्हा पहिली लेन भरली तीनशे ब्याऐंशी मीटर. बाकीच्या बरोबर चारशे. कारण तुला ठाऊक आहे. वळणावर प्रिन्सिपॉलसाहेबांचं हापूसचं कलम होतं. ते तोडायचं नाही, म्हणून सदू शिपायाने पहिल्या लेनची चुन्याची फक्की झाडाच्या आतून टाकली आणि बाकीच्यांची बाहेरून. (आंबे साहेबांच्या घरी, आपल्याला कोयसुद्धा नाही.) त्या पहिल्या लेनमधून तू शहात्तर साली धावलीस आणि फलकावर चढलीस: चारशे मीटर, मुली, विक्रम. पन्नास वर्षांत कुणाला मोडता आला नाही. आता गुरुप्रसाद म्हणतो, "मॅडम, सखूबाईंचं नाव पुसायला लागणार. नियम आहे." मी म्हटलं, "मेल्या, कलम तिने लावलं होतं काय? तू धावलायस कधी एसटीच्या मागे तरी?" तासभर भांडले. शेवटी तो नरमला. पुढच्या सोमवारी पेंटर येईपर्यंत विचार करतो म्हणाला.

तुझ्यासाठी घसा बसवून घेतलेली,
हमिदा

ता. क. एक बारीकशी गोष्ट. त्या शर्यतीत दुसरी मी आले होते, तुझ्यामागे सहा पावलं, तिसऱ्या लेनमधून. म्हणजे मी पुरे चारशे धावले. सोबतच्या कागदावर 'माझ्या जागी हमिदाचं नाव घालायला हरकत नाही' असं लिहिलंय, खाली फक्त सही कर आणि सोमवारच्या आत पाठव. फलक रिकामा राहण्यापेक्षा मैत्रिणीचं नाव बरं.

आणखी एक. सही करायची नसेल, तर शनिवारी ओहोटीला भाट्याच्या किनाऱ्यावर ये. चारशे मीटर मी टेप लावून मोजून ठेवते. डॉक्टरने दोघींनाही धावायला बंदी केलीय, तेव्हा चालत शर्यत लावू. मी अनवाणी येईन. त्या दिवशी माझे कॅनव्हासचे बूट चावत होते, हे पन्नास वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.