मागून येणारा श्वास

४ नोव्हेंबर

रेडिओ बंद करून बसा म्हणाल्या. बसलो. घर एवढं गप्प असतं हे ठाऊकच नव्हतं!

दवाखान्यातल्या श्वासाच्या बाई वयाने सूनबाईएवढ्या, पण दटावतात आईसारख्या. "आजोबा, घाबरलात की छाती आवळते. छाती आवळली की आणखी घाबरता. हा फेरा तोडायचा." खांदे सैल. एक हात पोटावर. नाकाने घ्यायचा, पोट फुगलं पाहिजे. मग शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडायचा — घेतला त्याहून लांब. मी जोरात सोडला. त्या हसल्या. "फुंकू नका. फुंकर घाला! पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतो तशी."

फुंकणं वेगळं, फुंकर वेगळी. जन्मभर लाकडावरचा भुसा फुंकत आलो, तोच छातीत जाऊन बसला.

दम्याचा पंप मात्र सोडायचा नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. आणि मनातलं कागदावर उतरवा म्हणाल्या. चौथी शिकलेल्या माणसाला या वयात गृहपाठ!

६ नोव्हेंबर

कसलं काय! पोट जागचं हलत नाही, खांदेच वर जातात. गॅस बंद आहे ना, कडी लावली ना, सगळं चित्त तिकडे. उठून पाहिलं. लावलेलीच होती. बसलो तर वाटलं, पाहिलं ती कडी कालची तर नव्हे?

चिरंजीव कामावरून आले, दारातूनच म्हणाले, "बाबांचा कुकर लागला वाटतं. तिसरी शिट्टी झाली की सांगा." सूनबाई म्हणाली, "अहो, गप्प बसा ना." मग तोही आत जाऊन पडला. गाड्यांना रंग मारायचं काम, दमत असेल.

९ नोव्हेंबर

आज काहीतरी झालं. लिहू की नको?

तिन्हीसांजेला खुर्चीवर बसलो होतो. फुंकर घातली. संपली. आणि कुणीतरी श्वास घेतला.

मी नाही! माझा तर सोडून झाला होता.

पुन्हा घातली. पुन्हा तेच. मी सोडला की कुणी घेतं. अगदी जवळ, कानाशी. खोलीत मी, पलंग, खुर्ची आणि हिचा फोटो. बस्स.

१० नोव्हेंबर

आजही.

११ नोव्हेंबर

शेवटी शेवटी हिचा श्वास असाच यायचा. मागे राहून. मी घ्यायचो, सोडायचो, मग वाट बघायचो — येतोय का? आणि यायचा. एके दिवशी आला नाही. याच पलंगावर.

खुर्चीमागच्या भिंतीपलीकडून येत असेल असंही मनात आलं. पण ती भिंत माझ्या हातची. पोराचं लग्न ठरलं तेव्हा एका खोलीच्या दोन केल्या. दोन्ही बाजूंनी प्लायवूड आणि मधल्या पोकळीत भुसा ठासून भरला, नव्या जोडप्याचं बोलणं म्हाताऱ्यांच्या कानी पडू नये म्हणून. ही कमरेवर हात ठेवून बघत होती. "डोक्यातला सगळा भुसा भिंतीत ओतलात वाटतं! आता तरी डोकं चालेल." तेव्हापासून तिकडचं भांडणसुद्धा इकडे आलं नाही. त्यातून श्वास कसा येईल?

१४ नोव्हेंबर

पंप संपला. इतक्यात? दवाखान्याच्या मागच्याच फेरीला आणला होता. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, खाऊसारखा ओढू नका." मी कुठे ओढतो! गेला आठवडाभर तर छाती बरी आहे. शिवाय ठेवतो खिडकीत, सापडतो पलंगावर. हिला माझ्या वस्तू हलवायची खोड होतीच. चष्मा हलवायची, पेन्सिल हलवायची आणि वर विचारायची, "काय शोधताय?"

१५ नोव्हेंबर

केस कापणाऱ्याला सांगून बसलो. सांगायला नको होतं. वस्तरा थांबवून म्हणतो, "काका, मेलेली माणसं श्वास घेत नाहीत. तीच तर त्यांची अडचण!" दुकानभर हशा. मीही हसलो. हसता हसता उबळ आली.

घरी येताना चिरंजीव जिन्यात भेटले. पहिल्या मजल्याच्या वळणावर वाकून बुटाची नाडी बांधत होते. मी वर पोचलो तरी हे येईनात. वाकून पाहिलं तर दुसऱ्या वळणावर पुन्हा नाडी! म्हटलं, "अरे, गाठ मारता येत नाही का अजून?" हात हलवून 'चला पुढे' एवढीच खूण. बापाशी बोलायला यांच्या तोंडाला कुलूप.

१७ नोव्हेंबर

नव्या नाड्या आणल्या. त्याच्या बुटात ठेवल्या.

१८ नोव्हेंबर

एक गोष्ट ध्यानात आली. आडवा झालो की श्वास थांबतो. उठून खुर्चीवर बसलो की येतो. म्हणजे तिला मी बसलेला हवा असतो?

बोललोही आज. हळूच म्हटलं, "काय हवंय?" श्वास थबकला! मग बराच वेळ काही नाही. मग एक छोटासा, चोरटा. अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर उठून जावंसं वाटलं नाही. इतक्या दिवसांत माझ्या जोडीने बसलेलं दुसरं कोण आहे?

१९ नोव्हेंबर

पोर झालं तेव्हा ही त्याच्या इवल्या छातीला कान लावून बसायची. दिवसचे दिवस. मी चिडायचो, "घड्याळ आहे का ते?" एकदा म्हणाली, "नाक तुमचं घेऊ दे, राग तुमचा घेऊ दे. छाती मात्र माझी घेऊ दे." नाक घेतलं. राग तर व्याजासकट घेतला. आणि छाती हिची. लहानपणी सर्दीसुद्धा धड झाली नाही त्याला. एवढं एक देवाने ऐकलं.

मग आता कशाला आली असेल ती? तिचं तर सगळं मनासारखं झालं.

२१ नोव्हेंबर

बाईंना विचारलं, आडून. "दुसरं कुणी आपल्यामागून श्वास घेतंय असं होतं का कुणाला?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "भीती वाटते का तेव्हा?"

म्हटलं, नाही. उलट पोट फुगतं. फुंकर लांब जाते. छाती रिकामी होते, उमाळा ओसरल्यावर होते तशी.

"मग असू द्या की सोबत," म्हणाल्या. पण मी जायला निघालो तर म्हणतात, "पुढच्या वेळी मुलाला घेऊन या." हा म्हातारा बिघडला, असं वाटलं असणार. मुलाला सांगतील. मुलगा काय म्हणेल? आधी कुकर, आता भूतबाधा! एकट्याला घरात ठेवणार नाहीत. कुठेतरी पाठवतील. ही खोली, हा पलंग सुटेल.

नाही सांगणार मुलाला.

२३ नोव्हेंबर

ठरवलं. बंद करायचं. मी फुंकर घालतो म्हणून ती येते, मी सोडतो म्हणून तिला घ्यावा लागतो. मेलेल्या माणसाला असं अडकवून ठेवणं बरं नव्हे. जाऊ दे तिला. आणि माझं डोकंही ठिकाणावर राहू दे.

तिन्हीसांजेला खुर्चीवर नुसता बसलो. ओठ मिटून.

वाट बघत होतं. खरंच सांगतो — ते वाट बघत होतं! मग एक श्वास आला, अर्धाच. मग दुसरा, घाईचा. मग भराभर, एकावर एक. आणि त्यात ती बारीक शीळ. ती शीळ मी ओळखतो. मांजराच्या पिलाला दारात चेंगरल्यासारखी. ती माझ्या छातीत असते. पण माझी छाती गप्प होती.

आणि हिला तर कधी दमा नव्हता.

कानांवर हात ठेवून बसलो.

२४ नोव्हेंबर

सकाळी सूनबाईने चहा ठेवला, पण गेली नाही. पदराशी चाळा करत उभी. "बाबा, काल का नाही केलंत? हे भिंतीला टेकून बसले होते. तुमची फुंकर ऐकून मग तसाच श्वास घेतात. तुमच्याशिवाय नाही जमत यांना. पंपही तुमचाच... रंगाच्या कामावरून काढतील म्हणून कुणाला सांगू देत नाहीत. मी सांगितलं म्हणू नका हं."

ती गेल्यावर भिंत वाजवून पाहिली. पलंगाच्या उंचीला भरीव. खुर्चीवर बसल्यावर कान येतो तिथे पोकळ. भुसा कितीही ठासा, वर्षांनी खाली बसतो. हे सुताराला कुणी सांगायचं?

नाड्यांची गाठ चांगलीच बसत होती त्याची.

छाती त्याने माझीच घेतली गं.

संध्याकाळी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. मोठ्याने, सावकाश फुंकर घातली. त्याने घेतला.