मना, डोह आणि स्वल्पविराम

३ फेब्रु., धुळे
सुनंदा दिनकर शिंदे, तुझी ही खोली या आठवड्यात रिकामी करावयाची आहे. बावीस वर्षे तू इथल्या शाळेत भूगोल शिकवलास आणि दर शनिवारी जळगावला घरी आलीस. बसमधून फोन: "एरंडोल सोडलं." मग मी भात लावीत असे. तू गेलीस, तरी शनिवारी अजूनही कुकरकडे हात जातो.

४ फेब्रु.
तुझी विद्यार्थिनी योगिता, जिचा आता स्वतःचा रॉक बँड आहे, तिचा फोन. तू त्यांच्यासाठी लिहिलेले गाणे प्रसिद्ध होत आहे. सोबत अर्थाचे टिपण मी द्यावे. "चार ओळी, सर. मॅडमना काय म्हणायचं होतं, तेवढंच."
कपाटात कागद सापडला, अहिराणीतला. 'रस्ता मोठा व्हयना, मना, डोह कोठे शे?' 'मना'नंतर माझ्या लाल शाईचा स्वल्पविराम. योग्य जागी आहे.

५ फेब्रु.
टिपण पूर्ण. कवयित्री स्वतःच्या मनास विचारते. डोह म्हणजे आंतरिक शांती. सृष्टीचा ऱ्हास प्रथम अंतरंगात घडतो, इ. पुष्कळ दिवसांनी बरे लिहून झाले.

६ फेब्रु.
घरमालकीण अक्का चहा घेऊन आल्या. त्यांना टिपण वाचून दाखवले. पदर तोंडाला लावून हसल्या.
"मना म्हंजे माझा, सर. तुम्हा प्रोफेसर लोकेसले जठे तठे मनच दिखस."
हा शब्द बाजारात रोज कानी पडतो आणि कळतो. कवितेच्या ओळीत मात्र…
अक्कांनी पुढे सांगितले: डोह खराच होता. सोनगीरला, तुझ्या माहेरच्या शेतामागे. रस्ता मोठा 'व्हयना', म्हणजे झाला, तेव्हा बुजला. "तठेच ती पोहाले शिकनी. तुमले कधी सांगं नही?"
तुला पोहता येत होते, हे मला ठाऊक नव्हते.

७ फेब्रु.
योगिताने तुमच्या जुन्या तालमीचे ध्वनिमुद्रण पाठवले. आवाज तुझा. ड्रम, गिटार, नुसता कल्लोळ. तरी 'मना' आणि 'डोह' यांत श्वासाचीही फट नाही. सकाळपासून किती वेळा ऐकले, नोंद ठेवली नाही.
कागद तपासून परत दिला त्या दिवशी तू म्हणाली होतीस, "तुमचा स्वल्पविराम गाता येत नाही हो." मी तुला श्वासाचा सराव करण्यास सुचवले. तू हसलीस आणि भाजी निवडू लागलीस. वांगी होती. भरताची.

८ फेब्रु.
टिपण फाडले. योगितास कळवले की अर्थ लिहिता येणार नाही; डोहाची जागा पाहिलेली नाही.
"परवा सकाळपर्यंत थांबते, सर. त्यापुढे नाही."
ब्लेडने स्वल्पविराम खरवडला. शाई गेली, तिथे कागद पातळ झाला आहे. उजेडाकडे धरला की दिसतो.

९ फेब्रु.
सामान टेंपोने जळगावला रवाना. कागद खिशात. बुजलेली जागा तुझा भाऊ दाखवील, असे अक्का म्हणतात. तिथे उभे राहून काय कळणार? जळगावची बस साडेदहाला. सोनगीरची गाडीही त्याच सुमारास, दुसऱ्या दिशेची. अद्याप ठरलेले नाही.
खिडक्या लावल्या. दारास कुलूप घातले, ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या अक्कांना परत केल्या.